डिस्चार्ज बुकात लढाईचं पदकच नाही? नोंद दुरुस्त करून घेताना या चुका टाळा

१९७१ ची लढाई लढलेले जवान आता सत्तरी ओलांडून गेले. कारगिलला गेलेले बहुतेक जण पेन्शनीत आहेत. नागपूर, कामठी, उमरेड, काटोल, सावनेर या पट्ट्यात अशी घरं शेकड्यांनी सापडतील आणि त्यातल्या कितीतरी घरांत कपाटातलं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी सेनेने दिलेली नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, उघडलं की पदकांच्या रकान्यात एखादी ओळ कमी निघते. संग्राम मेडल आहे, पण पूर्वी स्टार नाही. माणूस छातीवर गोळी झेलून आला, पण वूंड मेडलचा पत्ता नाही. नोकरीत असताना त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवरच्या साथीदाराच्या छातीवर तेच पदक दिसतं, तेव्हा मात्र ते आत कुठेतरी लागतं.

ही ओळ मिळवता येते, उशिरा का होईना. पण बहुतेकांचे अर्ज पहिल्याच पायरीवर अडतात, कारण ते पदक मागतात. मागायची असते ती नोंद. नोंद सापडली किंवा नव्याने झाली की पदकाचा मार्ग आपोआप मोकळा होतो. नोंद नसेल तर मंत्र्यांपर्यंत गेलेलं पत्रसुद्धा फिरून त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या (रेजिमेंटच्या जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) टेबलावर येतं.

जवळ आहे म्हणून कामठीला जाऊ नका

नागपूरकरांची ही नेहमीची चूक. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस आहे. तिथे फक्त गार्ड्सच्या जवानांची कागदपत्रं असतात. विदर्भातली पुष्कळ पोरं महार रेजिमेंटमध्ये गेली, त्यांचं रेकॉर्ड मध्य प्रदेशातल्या सागरला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं आणि ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, ईएमईचं (सेनेच्या यंत्रं-वाहनं दुरुस्ती करणाऱ्या दलाचं) सिकंदराबादला. वायुसेनेचं दिल्लीत सुब्रतो पार्कला आणि नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला. नागपूरच्या वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय असलं तरी निवृत्त एअरमनच्या सर्व्हिसचे कागद तिथे मिळत नाहीत.

डीएससीतून (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, संरक्षण खात्याच्या ठिकाणांची राखण करणारं दल) दुसऱ्यांदा नोकरी केलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत किंवा पुलगावच्या डेपोत डीएससीची ड्युटी करून निवृत्त झालेले अनेक जण आहेत. ते कन्नूरच्या डीएससी रेकॉर्डला लिहितात. पण लढाईची वर्षं पहिल्या पलटणीतली होती, म्हणून पहिली विचारणा पहिल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला करायची. कन्नूरला त्याची प्रत पाठवा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर जा. तिथून अर्ज पुढे रवाना होतो, शिक्का आणि आवक-जावक क्रमांक मिळतो, चुकलेला पत्ता दुरुस्त होतो. पण निर्णय त्या टेबलावर होत नाही, तेव्हा तिथल्या बाबूंवर राग काढून उपयोग नाही.

आधी पदकाची जात ओळखा

दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच अर्जात कोंबल्या की अर्ज वाया गेलाच समजा. १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, १९९९ चे ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, २००१-०२ चं ऑपरेशन पराक्रम मेडल, सियाचिन ग्लेशियर मेडल ही सगळी हक्काची पदकं. ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात किंवा सेवेत तुम्ही होता, एवढं कागदावर दिसलं की झालं. शौर्य सिद्ध करावं लागत नाही.

वीर चक्र, सेना मेडल किंवा मेन्शन इन डिस्पॅचेस (अहवालात शौर्याचा उल्लेख) यांची वाट वेगळी. तिथे त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरची शिफारस वरपर्यंत जाऊन मंजूर व्हावी लागते आणि राजपत्रात नाव छापून यावं लागतं. ‘साहेब म्हणाले होते, तुझं नाव पाठवलंय’ ही आठवण खरी असेलही, पण नाव पाठवणं आणि मंजूर होणं यात फार अंतर आहे. राजपत्रात नाव आहे आणि डिस्चार्ज बुकात नाही, असं असेल तर ती नोंदीची चूक, ती दुरुस्त होते. राजपत्रात नावच नसेल तर ही दुरुस्तीची केस राहत नाही, आणि त्या आशेवर म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षं फिरवणं योग्य नाही.

नोंद नेमकी कुठे तुटली?

इथे वेळ द्या. पदकाची ओळ डिस्चार्ज बुकात येते कशी ते पाहा. लढाई संपल्यावर युनिट आपल्या हक्कदार जवानांची यादी करतं. त्यावरून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या बदलांची लेखी नोंद, निघते. ती रेकॉर्ड ऑफिसला पोचते आणि जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मुख्य नोंदपत्रावर, चढते. निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात उतरवली जाते. या साखळीत कुठेही एक कडी निसटली की तुमच्या हातात रिकामा रकाना.

नेमक्या कुणाच्या कड्या निसटतात? जे लढाईच्या वेळी दुसऱ्या युनिटला अटॅच होते त्यांच्या. लढतं युनिट म्हणतं, हा आमच्या नफरीत (संख्येत) नाही. मूळ युनिट म्हणतं, आम्ही तर त्या सेक्टरमध्येच नव्हतो. लढाई संपताच ज्यांची पोस्टिंग निघाली त्यांच्या, कारण यादी झाली तेव्हा ते दुसरीकडे हजर झाले होते. जखमी होऊन हॉस्पिटलात गेलेल्यांच्या, कारण युनिटच्या हजेरीतून नाव उतरलेलं असतं. ज्यांनी पुढे जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) म्हणून बढती घेतली त्यांच्याही, कारण शिपाई असतानाचा आर्मी नंबर वेगळा आणि नायब सुभेदार झाल्यावरचा जेसी नंबर वेगळा. अर्जात दोन्ही नंबर लिहा. एकच नंबर लिहिलेला अर्ज ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत आला, तर त्यात नवल नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे तपासा. पलटण पुढे गेली तेव्हा तुम्ही रजेवर होता का, कोर्सवर होता का, रिअर पार्टीत मागे होता का? पलटण लढली म्हणून पलटणीतला प्रत्येक जण हक्कदार ठरत नाही. ज्याची त्याची हजेरी पाहिली जाते.

म्हणून अर्जात लढाईची हकिकत लिहू नका. ती नातवंडांसाठी वहीत लिहून ठेवा, तिचं मोल मोठं आहे. रेकॉर्ड ऑफिसच्या क्लर्कला मात्र तारखा, नंबर आणि ठिकाणं हवीत. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, एका पानाचा करा. मजकूर साधारण असा असावा:

‘मी अमुक नंबर, अमुक हुद्दा, अमुक नाव. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक युनिटच्या अमुक कंपनीत होतो. डिसेंबर १९७१ मध्ये युनिट अमुक सेक्टरमध्ये होतं. माझ्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडलची नोंद आहे, पूर्वी स्टारची नाही. माझ्या शीट रोलमध्ये आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये ही नोंद आहे का ते तपासावं. असल्यास डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करून द्यावी. नसल्यास कोणत्या कारणाने नाही ते लेखी कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी कारण मिळालं की पुढच्या प्रत्येक पायरीला धरायला काहीतरी असतं.

जखमी जवानांची चूक सगळ्यात महाग पडते

वूंड मेडल शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेल्या जखमेसाठी आहे. सीमेवर असताना गाडी उलटली, पाय मोडला, तर त्याग कमी होत नाही, पण हे पदक त्यासाठी नाही. खरा प्रश्न असतो त्या वेळी तुमची नोंद बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी) अशी झाली की फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात किंवा आजार) अशी. एका शब्दाचा हा फरक पदकापुरता राहत नाही, तो वॉर इंज्युरी पेन्शनपर्यंत पोचतो. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अपंगत्वाचे ए ते ई असे गट पाडले आहेत, आणि युद्धातल्या जखमेचा गट सगळ्यात वरच्या लाभाचा आहे.

जखमी जवान फक्त पदकासाठी अर्ज करतो आणि कॅज्युअल्टीच्या नोंदीबद्दल विचारतच नाही, असं वारंवार दिसतं. आधी तीच नोंद काढा: इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलचे दाखल आणि डिस्चार्ज स्लिप, मेडिकल बोर्डाची कार्यवाही, कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर. मेडिकल बोर्डाच्या कागदावर जखमेचं कारण एका ओळीत लिहिलेलं असतं. ‘गनशॉट वूंड’ किंवा ‘स्प्लिंटर इंज्युरी’ असे शब्द, सोबत तारीख आणि ठिकाण असेल, तर ती ओळ पंचवीस साक्षीदारांच्या बरोबरीची. त्या पानाची झेरॉक्स अर्जाला लावा, मूळ कागद कधीही पोस्टात टाकू नका.

पुरावा म्हणजे काय, आणि काय नाही

साथीदाराचं शपथपत्र चालतं, पण ‘हा माझ्यासोबत शौर्याने लढला’ एवढ्याने काही साधत नाही. शपथपत्र देणाऱ्याचा स्वतःचा आर्मी नंबर, त्याची कंपनी, तारखा, जागा आणि त्याच्या डिस्चार्ज बुकातल्या त्याच पदकाच्या नोंदीची प्रत, हे सगळं हवं. एकाच कंपनीतल्या दुसऱ्या जवानाला ते पदक मिळालेलं असणं हा फार वजनाचा पुरावा आहे.

घरातली जुनी पत्रं फेकू नका. पाकिटावर मागे ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिसचा क्रमांक) लिहिलेलं असतं. त्याहून महत्त्वाचा असतो तिकिटावरचा किंवा तिकिटाशेजारचा फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यात एफपीओचा क्रमांक आणि तारीख. शाई फिकट झाली असली तरी भिंगाखाली आणि उजेडात ते आकडे वाचता येतात. लढाईच्या तारखेच्या आसपासचं असं एखादं पाकीट मिळालं तर दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन काढून ठेवा. एकट्या पाकिटावर पदक मिळणार नाही, पण पार्ट टू ऑर्डरचा शोध कोणत्या महिन्यात घ्यायचा ते त्यावरून कळतं.

आरटीआय टाकताना ‘का’ विचारू नका

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. सेना या कायद्यातून वगळलेली नाही. सीआरपीएफ आणि बीएसएफ मात्र कायद्यातून वगळलेल्या संस्थांच्या दुसऱ्या अनुसूचीत येतात आणि त्यांचा कारभार गृह मंत्रालयाकडे, त्यामुळे हिंगण्याच्या सीआरपीएफ ग्रुप सेंटरमधून निवृत्त झालेल्यांना हा लेख तसाच्या तसा लागू पडत नाही.

‘मला पदक का दिलं नाही?’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून फेटाळला जातो. ‘माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत द्या’, ‘अमुक महिन्यांच्या पार्ट टू ऑर्डरमधल्या माझ्या नावाच्या नोंदींची प्रत द्या’ असं मागा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. आणि हे विसरू नका की आरटीआयने कागद मिळतो, दुरुस्ती मिळत नाही. दुरुस्तीचा अर्ज वेगळा.

पेन्शन नसलेल्यांनी आधी धावावं

काही वर्षं नोकरी करून पेन्शन न घेता घरी आलेल्या जवानांची सर्व्हिसची कागदपत्रं सेनेच्या नियमाप्रमाणे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. १९७१ नंतर लवकर सुटून आलेल्यांची बहुधा गेली. ‘रेकॉर्ड नष्ट झालं आहे’ असं उत्तर आलं की लोक हात टेकतात. तसं करू नका. लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची मूळ नोंदवही, कायम राखला जातो. त्यात माहिती त्रोटक असते, पण भरती, युनिट आणि सुटका एवढं तरी मिळतं. लाँग रोलचा उतारा मागा आणि बाकीची बाजू डिस्चार्ज बुक, साथीदारांच्या नोंदी आणि घरचे कागद यांवर उभी करा. २००० नंतर पेन्शनशिवाय सुटलेल्यांची २५ वर्षं आता एकेक करून भरत आहेत. त्यांनी हा उन्हाळा जाऊ देऊ नये.

नाव, पत्नी, दलाल

आधारवर एक नाव, डिस्चार्ज बुकात दुसरं, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) तिसरं, हे आपल्याकडे सर्रास. नावाची दुरुस्ती आणि पदकाची दुरुस्ती एका अर्जात मागू नका, दोन्ही रखडतात. पदकाच्या अर्जात डिस्चार्ज बुकातलं नाव जसंच्या तसं लिहा.

जवान हयात नसेल तर पत्नी अर्ज करू शकते. मृत्यू दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ जोडा, आणि पत्नीचं नाव रेकॉर्डला नोंदलेलं आहे ना ते आधी पाहा. काकूंना अर्जातलं काही कळत नाही म्हणून मुलाने स्वतःच्या नावाने अर्ज पाठवला की तो परत येतो. मजकूर मुलाने लिहावा, सही किंवा अंगठा काकूंचा.

स्पर्श पोर्टलवर पदकाची तक्रार टाकणारेही भेटतात. स्पर्श पेन्शनचं काम पाहतं. वीर चक्र, सेना मेडल अशा शौर्य पदकांसोबत मिळणारा भत्ता पेन्शनमध्ये लागला नसेल तर तो विषय स्पर्शचा. पूर्वी स्टारची ओळ हा रेकॉर्ड ऑफिसचा विषय, आणि त्यासोबत मासिक भत्ता नसतो. ‘पदक लावून देतो, पैसेही चालू करतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. बाजारात मिळणारं हुबेहूब पदक विकत आणून छातीवर लावणं नोंद असलेल्याने केलं तर समजू शकतं, कारण सरकारी टांकसाळीतून पदकं येण्याला वर्षं लागली आहेत. नोंद नसताना लावू नका.

मुदत

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलकडे जाता येतं. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांची मुदत आहे. अर्जाला उत्तरच आलं नाही, तर अर्ज केल्यापासून ६ महिने थांबायचं आणि त्यानंतरच्या ६ महिन्यांत जायचं. उशिराला सबळ कारण असेल तर ट्रायब्युनल तो माफ करू शकतं, पण त्यावर विसंबून राहू नका. म्हणूनच पहिला अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचा आणि पोच मिळाल्याचं ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. तारीख त्यावरूनच मोजली जाते.

दुरुस्ती होऊन आली की पदकाचं नाव, क्लास्प (पदकाच्या फितीवरची धातूची पट्टी) असल्यास त्यावरचं नाव, तुमचा नंबर आणि पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख पाकीट उघडल्या दिवशीच ताडून पाहा. ऑर्डरचा क्रमांक नसलेली नुसती हाताने लिहिलेली ओळ आली असेल तर तो क्रमांक लेखी मागा. पदक प्रत्यक्ष मिळण्यासाठीच्या अर्जात तोच लिहायचा आहे.