मोठ्या डेटाचं काम करणारा इंजिनिअर निवडताना

रत्नागिरीत आमची सहा जणांची टीम मासेमारी बोटींच्या जीपीएस नोंदी आणि उतरलेल्या मासळीचा हिशेब सांभाळते. या कामासाठी मी चारदा माणूस नेमला. पहिली नेमणूक चुकली. बायोडेटावर हडूप, स्पार्क, काफ्का अशी मोठ्या डेटाची सगळी साधनं होती आणि मी त्यावरच भुललो. एका रात्री हिशेबाचा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) अर्ध्यावर पडला, त्याने तो तसाच पुन्हा चालवला. सकाळी मिरकरवाडा बंदरातल्या मासळीचा आकडा दुप्पट! मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, "अहो, एवढा बांगडा उतरला असता तर भाव असा राहिला असता का?"

तेव्हापासून मुलाखतीची सुरुवात मी कागद-पेनाने करतो. 5,000 बोटी, दर 30 सेकंदांना एक नोंद, नोंद 200 बाइटची. दिवसाचा डेटा किती? उत्तर 1 कोटी 44 लाख नोंदी, जेमतेम 3 जीबी. सेकंदाला 170 सुद्धा नाहीत. "याला क्लस्टर, म्हणजे अनेक मशीनचा ताफा, कशाला, एक नीट लावलेला पोस्टग्रेस डेटाबेस पुरेल," असं जो बेधडक सांगतो, त्याच्याशी मी पुढे बोलतो. आकडा न मांडता थेट स्पार्कवर उडी घेणाऱ्याला मोठं काम देताना मला धाकधूक वाटते.

मग खरा प्रश्न. बोट रेंजबाहेर गेली. तीन दिवसांनी तांडेल (बोटीचा प्रमुख) बंदरात आला आणि यंत्राने साठवलेल्या साडेआठ हजार नोंदी एका दमात पाठवल्या. मध्येच नेटवर्क तुटलं, म्हणून त्यातल्या निम्म्या परत पाठवल्या. कालचा अहवाल तर कधीच निघून गेलाय. आता काय कराल? इथे घाई करू नका, वीस मिनिटं द्या. नोंद घडल्याची वेळ आणि ती पोचल्याची वेळ वेगळी ठेवायची, बोट क्रमांक आणि घडल्याची वेळ मिळून एकच किल्ली, म्हणजे नोंदीची ओळख, करायची, म्हणजे तीच नोंद दहादा आली तरी एकदाच बसते, आणि जुन्या दिवसांचा अहवाल पुन्हा काढता यायला हवा, इथवर उमेदवार स्वतःहून आला पाहिजे. काफ्कावर काम केलंय म्हणत असेल तर नोंदींच्या क्रमाबद्दल विचारा. तिथे क्रमाची हमी एका पार्टिशनपुरतीच, म्हणजे नोंदींच्या प्रवाहाच्या एका भागापुरतीच असते. म्हणून एका बोटीच्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये जायला हव्यात.

अर्धा तास एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लिहायला द्या, मुद्दाम घाण ठेवलेल्या फाइलवर. शेवटी विचारा, तुमच्या हातून काय बिघडलं होतं आणि ते आधी कोणाच्या लक्षात आलं?

पगाराचा आकडा पहिल्याच फोनवर सांगा. पुण्या-मुंबईहून गावी परतू पाहणारी चांगली मुलं आहेत, त्यांना ताटकळत ठेवू नका. पावसात वीज जाते, तेव्हाची सोय काय तेही सांगा.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नव्या माणसाला सिस्टम समजून घ्यायला हेच दोन महिने, ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की उसंत नसते. नोटीस पीरियड बहुधा 90 दिवसांचा, म्हणून ऑफर लेटर फेब्रुवारीअखेर हातात पडायला हवं. मी मुलाखती जानेवारीतच उरकतो.