जपानी कॅरिअर (विमानवाहू जहाजं) खेळताना अंतर राखा

दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकच्या वॉरगेममध्ये (युद्धाच्या खेळात) जपानी बाजू घेतली की बरेच जण थेट अमेरिकन कॅरिअरच्या अंगावर जातात आणि जहाजातल्या हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या जागेत) इंधन-बॉम्ब भरलेली विमानं असतानाच मार खातात, ४ जून १९४२ ला मिडवे बेटाजवळ अकागी, कागा, सोर्यू या जपानी कॅरिअरचं हेच झालं.

१. पहाटेच क्रूझरची (युद्धनौकांची) सीप्लेन (पाण्यावर उतरणारी विमानं) शोधाला सोडा, जरा जास्तच सोडा, कॅरिअरची विमानं हल्ल्यासाठी राखून ठेवा.
२. शत्रू दिसला की जवळ जायचं नाही, आपल्या विमानांचा पल्ला लांब आहे म्हणून त्याच्या पल्ल्याबाहेरूनच सगळ्या कॅरिअरचा स्ट्राइक (हवाई हल्ला) एकदम पाठवा, तुकड्या-तुकड्यांनी अजिबात नको.

फक्त १९४४ च्या सिनारिओत जपून, जपानी अ‍ॅडमिरल ओझावाने फिलिपिन समुद्रात लांबूनच हल्ले केले पण पायलट कच्चे आणि समोर रडार, बहुतेक विमानं परत आलीच नाहीत.