'हॉब्सन्स चॉइस' वापरताना या चुका टाळा

दोन वाईट पर्यायांत अडकलेल्या माणसासाठी 'हॉब्सन्स चॉइस' हा इंग्रजी वाक्प्रचार वापरणे, ही त्याच्या बाबतीत सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे. नोकरी सोडावी तर पगार जातो आणि टिकवावी तर तब्येत जाते, अशा पेचाला मराठीत 'इकडे आड, तिकडे विहीर' म्हणतात. हॉब्सनचा त्याच्याशी संबंध नाही. हॉब्सनकडे मिळणारी वस्तू एकच असे, आणि ती नको असेल तर गिऱ्हाइकाने रिकाम्या हाती परत जायचे.

थॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा मालवाहतूकदार १६३१ साली वारला. लंडनपर्यंत टपाल आणि सामान पोहोचवण्याबरोबरच तो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने देत असे. विद्यार्थी नेहमी तेच ते चपळ घोडे मागत आणि ती जनावरे दमून जात, म्हणून दाराजवळ उभा असेल तोच घोडा न्यायचा, असा नियम त्याने घातला. १७१२ सालच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात ही हकिगत आली असून, तबेल्यात चाळीस घोडे असत आणि गिऱ्हाइकाला आत नेले जाई, असे तीत म्हटले आहे. माझ्या मते वाक्प्रचाराचे मर्म येथेच आहे: डोळ्यांसमोर चाळीस घोडे असूनही निवड मात्र शून्य. या नियमाला हॉब्सनचा हेकटपणा मानणेही योग्य नाही, कारण त्यामुळे प्रत्येक घोड्याला सारखेच काम आणि सारखीच विश्रांती मिळे.

आपण लिहिलेल्या वाक्याविषयी शंका आली, तर नकार दिल्यावर काय उरते ते पाहावे. काहीच उरत नसेल, तर वाक्प्रचार बरोबर बसला आहे. दुसरे संकट उरत असेल, तर तो खोडावा.

अनुवादात 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण योजण्याचा मोह होतो. परंतु तिच्यात गरजवंताची लाचारी आहे, निवडीचा देखावा नाही. त्यापेक्षा 'घ्यायचे तर हेच, नाहीतर काहीच नाही' असे सरळ लिहिलेले मला अधिक पटते.

'हॉब्सन-जॉब्सन' हे मात्र निराळेच प्रकरण आहे. भारतातल्या इंग्रजांच्या बोलीतील शब्दांचा हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला, आणि मोहरममधील 'या हसन, या हुसेन' या घोषाचा इंग्रज कानांनी केलेला अपभ्रंश त्याच्या नावात आहे. केंब्रिजच्या तबेल्याशी त्याचे नाते जोडू नये.