गाडीसाठी ड्युअल-बँड अँटेना निवडताना

गाडीतल्या हॅम रेडिओला १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ या दोन्ही बँडवर चालणारा, म्हणजे ड्युअल-बँड अँटेना घ्यायचा, तर आधी साधं लोहचुंबक गाडीच्या टपावर लावून बघा. चिकटलं नाही, म्हणजे टप अ‍ॅल्युमिनियमचा, काचेचा नाहीतर फायबरचा. मॅग-माउंट, म्हणजे चुंबकाने चिकटणारा अँटेनाचा तळ, तिथेच बाद. मग बॉनेटच्या कडेला क्लॅम्प आणि त्यावर हाफ-वेव्ह (अर्ध्या तरंगलांबीचा) अँटेना. त्याला खालच्या पत्र्याचा आधार कमी लागतो.

लांबीचा मोह मला चांगलाच नडला. पहिला अँटेना मीटरभर उंच घेतला, गेन (सिग्नल एका दिशेला एकवटायची ताकद) जास्त म्हणून. पार्किंगच्या पहिल्याच तुळईला खाडकन आपटला आणि मॅग-माउंट रंगावर चरा पाडत मागे सरकला. आता टपाच्या मधोमध अर्ध्या मीटरची काडी आहे. १४५ मेगाहर्ट्झवर ती क्वार्टर-वेव्ह (पाव तरंगलांबी), ४३५ वर तीच थ्री-क्वार्टर (पाऊण). घाटात मला तरी हीच आवडते. जास्त गेनवाल्याचा झोत क्षितिजाकडे चपटा होतो, आणि रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रेडिओ) बसलेला असतो डोंगरमाथ्यावर!

रेडिओ ५० वॉटचा असेल तर अँटेना तेवढी पॉवर पेलतो का, तेही बघा. कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) गरजेपुरतीच ठेवा, ४३५ वर पातळ केबल पॉवर खाते. दारात ती चेमटायला नको. बसवून झालं की दारं लावून दोन्ही बँडवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) मोजा. १.५ च्या आत आला तर काडी कापायच्या भानगडीत पडू नका.