रग्बी वर्ल्डकप २०२७ चं प्रेडिक्शन कसं करायचं, आणि माझं काय आहे

१४ ऑक्टोबर २०२३ चा दिवस आठवतोय ना, अहमदाबादला भारत-पाकिस्तान झाली तो. अख्खी बिल्डिंग फटाके वाजवून झोपली आणि मी रात्री साडेबाराला आवाज बारीक करून रग्बी वर्ल्डकपची आयर्लंड-न्यूझीलंड क्वार्टर फायनल लावून बसलो. आयर्लंड सलग १७ मॅच जिंकून आलेली टीम, माझ्या प्रेडिक्शनच्या शीटवर (मॅचचे निकाल आधीच लिहून ठेवायचा कागद) कप त्यांच्याच नावावर. शेवटी २८-२४ असा स्कोअर, आयर्लंड मागे, बॉल त्यांच्याकडे, आणि त्यांनी ३७ फेज खेळल्या. सदतीस! पाच-पाच मिनिटं तोच बॉल उचलायचा, दोन पावलं पुढे, पडायचं, परत उचलायचा. आणि मग न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकने त्या ढिगात हात घालून बॉल पकडून ठेवला, शिट्टी वाजली, संपलं. हातातोंडाशी आलेला घास गेला. आयर्लंड आजपर्यंत एकदाही क्वार्टर फायनलच्या पुढे गेलेली नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी मी सध्याच्या फॉर्मकडे बघून कप देऊन टाकला होता. त्या रात्रीनंतर मी शीट भरायची पद्धतच बदलली, तीच इथे सांगतोय, कारण यावेळी आपल्या प्रेडिक्शनच्या ग्रुपमध्ये बरेच नवे लोक आहेत आणि वर्ल्डकपचा फॉरमॅटही नवा आहे.

आधी फॉरमॅट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७, ऑस्ट्रेलियात, पहिली मॅच पर्थला आणि फायनल सिडनीला. १९९९ पासून २० टीम असायच्या, आता २४ आहेत, ६ पूल, प्रत्येकात ४. प्रत्येक पूलमधले पहिले दोन पुढे जाणार आणि सहा तिसऱ्या नंबरवाल्यांपैकी बेस्ट चार जाणार, म्हणजे १६ टीमचा नॉकआऊट राऊंड पहिल्यांदाच होतोय. आणि टायमिंगची चांगली बातमी म्हणजे २०२३ सारखं जागरण नाही. डेलाइट सेव्हिंग सुरू झालं की सिडनी आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, ब्रिस्बेन साडेचार, पर्थ फक्त अडीच. सिडनीला रात्री आठची मॅच म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच, जेवून बसायचं.

कोण कुठल्या पूलमध्ये हे ठरवणारा ड्रॉ ३ डिसेंबर २०२५ ला झाला. पूल A मध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिली, हाँगकाँग. B मध्ये दक्षिण आफ्रिका, इटली, जॉर्जिया, रोमानिया. C अर्जेंटिना, फिजी, स्पेन, कॅनडा. D आयर्लंड, स्कॉटलंड, उरुग्वे, पोर्तुगाल. E फ्रान्स, जपान, अमेरिका, सामोआ. F इंग्लंड, वेल्स, टोंगा, झिम्बाब्वे. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, मोबाईलवर नको, वहीतच. खाडाखोड दिसली पाहिजे, आपण कधी कुठे मत बदललं ते नंतर बघताना खूप शिकायला मिळतं.

आता पहिलं काम. शीट वरून खाली भरू नका, म्हणजे आधी चॅम्पियन ठरवून मग त्याला रस्ता शोधून देऊ नका. खालून वर जा. पूलमधली एकेक मॅच घ्या, कोण जिंकणार आणि किती पॉइंटने हे दोन्ही लिहा. मार्जिन लिहिणं कंटाळवाणं वाटेल पण तेच महत्त्वाचं आहे, कारण जिंकलं की ४ पॉइंट, बरोबरी झाली तर २, चार किंवा जास्त ट्राय (समोरच्यांच्या गोल लाईनपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं) मारले तर १ बोनस, आणि ७ किंवा कमी फरकाने हरलात तरी १ बोनस. तिसऱ्या नंबरवाल्यांचं नशीब या बोनसवरच ठरणार आहे. टोंगाचं उदाहरण घ्या: झिम्बाब्वेला चार ट्राय मारून हरवलं तर ५, वेल्सकडून सात किंवा कमी फरकाने हरले तर अजून १, झाले ६. दुसऱ्या पूलमधला तिसरा जर एकच मॅच साधी जिंकून ४ वर थांबला तर टोंगा आत आणि तो बाहेर. म्हणून "कोण जिंकणार" एवढंच लिहिणारा माणूस या वर्ल्डकपमध्ये राऊंड ऑफ १६ नीट भरूच शकणार नाही.

आणि तिसऱ्या नंबरला कमी समजू नका. १९९९ ला पाच पूल होते आणि एक बेस्ट तिसरी टीम प्लेऑफला गेली होती, ती होती अर्जेंटिना. त्यांनी लेन्सला आयर्लंडला २८-२४ ने घरी पाठवलं (तेव्हाही आयर्लंडच, आणि स्कोअरही तोच!).

मार्जिन कसं काढायचं? मोठी टीम विरुद्ध नवखी टीम असेल तर हात आखडू नका. २०२३ मध्ये फ्रान्सने नामिबियाला ९६-०, स्कॉटलंडने रोमानियाला ८४-०, दक्षिण आफ्रिकेने रोमानियाला ७६-०, इंग्लंडने चिलीला ७१-० मारलं. आणि हे फक्त छोट्या टीमचं नाही, न्यूझीलंडने इटलीला ९६-१७ केलं होतं. लोक भीतभीत २५-३० लिहितात, ५० च्या वर जायला घाबरतात. रग्बीत एक ट्राय पाच पॉइंटची आणि वर कन्व्हर्जन (ट्रायनंतर मिळणारी किक) दोनचं, एकदा टीम दमली की शेवटच्या वीस मिनिटांत धरण फुटल्यासारखं होतं. पण दोन जवळच्या टीम असतील तर उलटं करा, मार्जिन लहान लिहा.

अपसेट किती लिहायचे हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझा हिशोब असा की पूलमध्ये दोन किंवा तीन लिहा, शून्य लिहू नका आणि सहाही लिहू नका. जवळपास प्रत्येक वेळी काहीतरी होतंच. २०१५ ला ब्रायटनमध्ये जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं. २०१९ ला जपानने आयर्लंडला १९-१२, उरुग्वेने फिजीला ३०-२७. २०२३ ला पोर्तुगालने फिजीला २४-२३, आणि त्याच फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ हरवलं होतं. नीट बघितलंत तर फिजी दोन्ही बाजूंना आहे. मोठ्याला हरवणार आणि छोट्याकडून हरणार, म्हणून फिजीच्या मॅच मी सगळ्यात शेवटी भरतो, दोनदा विचार करून. अपसेट शोधायची जागा म्हणजे जिथे छोट्या टीमचा स्क्रम (दोन्हीकडचे आठ-आठ जण बॉलसाठी एकमेकांना रेटतात तो) मजबूत आहे किंवा जिथे मोठ्या टीमला पुढच्या आठवड्यात जास्त अवघड मॅच आहे आणि ते मुख्य खेळाडूंना बसवतील. जॉर्जिया-इटली अशीच आहे, जॉर्जियाचा स्क्रम म्हणजे भिंत आहे, २०२२ ला बातुमीत त्यांनी इटलीला २८-१९ हरवलेलं आहे. मी तिथे इटली लिहिलंय पण फक्त ४ ने, आणि दोघेही पुढे जातील.

यजमान म्हणून ऑस्ट्रेलियाला आंधळेपणाने पुढे काढू नका. २०१५ ला इंग्लंड यजमान होते, ट्विकनहॅमला वेल्सकडून २८-२५ हरले, मग ऑस्ट्रेलियाकडूनही हरले आणि पूलमधूनच बाहेर. ऑस्ट्रेलिया स्वतः २०२३ ला पहिल्यांदाच पूलमध्ये अडकली, वेल्सने ४०-६ ने धुतलं होतं. पण आताची टीम वेगळी आहे हेही खरं. ऑगस्ट २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ०-२२ ने मागे पडून त्यांनी ३८-२२ ने मॅच काढली. ज्याला वाटतं की फक्त आकडे बघून टीम कळते त्याने ती मॅच पूर्ण बघावी. तरी पूल A मध्ये माझा पहिला नंबर न्यूझीलंडच, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा ब्लेडिस्लो कप २००३ पासून त्यांच्याकडे आहे आणि तो दबदबा एका मॅचने जाणार नाही.

आता नॉकआऊट. इथे रँकिंग बाजूला ठेवा आणि प्रत्येक टीमसाठी तीनच गोष्टी लिहा: किकर कोण, बेंच (बदली खेळाडू) कशी आहे, आणि स्क्रममध्ये पेनल्टी (समोरच्यांच्या चुकीवर मिळणारी, गोलमध्ये मारली तर तीन पॉइंटची किक) कोण मिळवतो. कारण नॉकआऊटमध्ये ट्राय कमी होतात आणि सगळं तीन-तीन पॉइंटवर येतं. दक्षिण आफ्रिका २०२३ ला क्वार्टर २९-२८, सेमी १६-१५, फायनल १२-११ अशी जिंकली, तिन्ही एकेका पॉइंटने! फ्रान्सच्या मॅचमध्ये त्यांचा थॉमस रामोस कन्व्हर्जन मारायला निघाला आणि दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे लाईनवरून सुसाट धावत आला आणि किक हातांनी अडवली. दोन पॉइंट गेले, फ्रान्स एकाने हरली. मी तो तुकडा किमान तीस वेळा बघितला असेल. किकरने पाऊल उचलायला सुरुवात केल्याक्षणी कोल्बे सुटलेला दिसतो, आधी नाही. अशी तयारी करणारी टीम एका पॉइंटने जिंकते तेव्हा ते निव्वळ नशीब नसतं असं माझं ठाम मत आहे.

सेमी पण तशीच. इंग्लंड पावसात पुढे होती, दक्षिण आफ्रिकेने अर्ध्या तासातच फ्लाय-हाफ (खेळ चालवणारा १० नंबरचा खेळाडू) बदलून हँड्रे पोलार्डला आणलं, नंतर बेंचवरून ऑक्स एनचे आला, त्याने स्क्रममध्ये पेनल्टी काढली आणि पोलार्डने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून ती मारली. फायनलचे बारा पॉइंटही एकट्या पोलार्डचे, चार पेनल्टी. त्या फायनलला त्यांनी बेंचवर ७ फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे) आणि १ बॅक (मागे राहून धावणारा) ठेवला होता. म्हणून सांगतो, पहिले पंधरा कोण हे सगळे बघतात, तुम्ही १६ ते २३ नंबर, म्हणजे बेंच बघा. टीम जाहीर झाली की मी आधी खालची नावं वाचतो.

तारखांचंही भान ठेवा. २०२३ चा ड्रॉ तब्बल डिसेंबर २०२० मध्ये काढला होता, त्यामुळे त्यावेळच्या चार सर्वात भारी टीम एकाच बाजूला आल्या आणि फ्रान्स, आयर्लंड क्वार्टरलाच गेल्या. यावेळी उशिरा काढला तरी न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका आपापले पूल जिंकले तर क्वार्टर फायनललाच समोरासमोर येऊ शकतात. तुमच्या शीटचा कणा ही एक मॅच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वेलिंग्टनला दक्षिण आफ्रिकेने ४३-१० असं केलं होतं, पण त्या स्कोअरवर जाऊ नका, वर्ल्डकप फायनलमध्ये हे दोघे भिडले की १९९५ ला १५-१२ आणि २०२३ ला १२-११. मी दक्षिण आफ्रिका ३ ने असं लिहिलंय.

वयाचा हिशोब पण करा, हा लोक विसरतात. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी तेव्हा ३६ चा असेल, एट्झेबेथ पण त्याच वयाचा. दुसरीकडे त्यांचाच साशा फाइनबर्ग-मंगोमेझुलू २५ चा असेल, ज्याने डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने ३७ पॉइंट केले होते. फ्रान्सचा द्युपाँ मार्च २०२५ मध्ये गुडघ्याची मोठी दुखापत होऊन परत आलाय, तो फिट असेल तर फ्रान्सला एक पायरी वर ठेवा, नसेल तर एक खाली, इतका फरक पडतो. फ्रान्स १९८७, १९९९, २०११ अशा तीन फायनल हरलेली टीम आहे. आत्तापर्यंत कप फक्त चार देशांनीच जिंकलाय, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, आणि पाचवं नाव कधी लागलं तर ते फ्रान्सचंच लागावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या ग्रुपचे मार्क असे: विजेता बरोबर २, मार्जिन पाचच्या आत बरोबर अजून २, नॉकआऊटला सगळं डबल. पैसे लावायचे नाहीत.

आता माझं शीट. पूल जिंकणारे: न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना, आयर्लंड, फ्रान्स, इंग्लंड. दुसरे: ऑस्ट्रेलिया, इटली, फिजी, स्कॉटलंड, जपान, वेल्स. स्कॉटलंड सलग तिसऱ्या वर्ल्डकपमध्ये आयर्लंडच्याच पूलमध्ये आहे, २७-३ आणि ३६-१४ ने हरून झालंय, यावेळी ५ च्या आत हरतील. तिसऱ्यांमधून जॉर्जिया, सामोआ, टोंगा, पोर्तुगाल. अपसेट दोन: पोर्तुगाल स्कॉटलंडला घाम फोडेल पण जिंकणार नाही, म्हणून तो मोजत नाही, टोंगा वेल्सला हरवेल आणि तरी बोनसच्या हिशोबात वेल्स दुसरे राहतील हा एक, जपानला सामोआ हरवेल पण अमेरिकेकडून घसरेल आणि तिसरीच राहील हा दुसरा. आयर्लंड यावेळी सेमीला जाईल, होय, परत लिहितोय, पण यावेळी ३ पॉइंटने आणि किकरकडे बघून. कप दक्षिण आफ्रिका, सलग तिसरा, जो आजवर कुणालाच जमलेला नाही, फायनल ६ किंवा कमी फरकाने.

शीटचे फोटो ३० सप्टेंबरला रात्री बाराच्या आत टाका. १ तारखेला पर्थला ऑस्ट्रेलिया-हाँगकाँग सुरू झाली की नंतर आलेलं धरणार नाही.