हस्की की गोल्डन? आधी आपल्या घरातला मे महिना बघा

माझ्या भाच्याला हस्की हवा होता. मी त्याला एकच विचारलं, "मे महिन्यात दुपारी दोनला लाईट गेली, तर तो कुत्रा कुठे बसेल?" त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. दाट केसांचं कुत्रं नागपुरात आणायचं असेल, तर सुरुवात याच प्रश्नापासून करा.

आमच्या त्रिमूर्ती नगरच्या घरी गोल्डन रिट्रीव्हर अकरा वर्षं होता. एका मे महिन्यात शेजाऱ्यांचा हस्कीही वीस दिवस सांभाळला, म्हणून दोघांबद्दल सांगते आहे.

दोघांच्याही अंगावर केसांचे दोन थर असतात: वर लांब, राठ केस आणि आत मऊ, दाट लव. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. पारा ४५ च्या पुढे गेला की त्या धापाही अपुऱ्या पडतात. हस्की सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर गाड्या ओढायला तयार केला. गोल्डन स्कॉटलंडचा, शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून उचलून आणणारा. त्यामुळे गोल्डनला सकाळी चेंडू आणि संध्याकाळी पाण्याचा टब दिला की तो बऱ्यापैकी खूश असतो. हस्कीला मात्र रोज तास-दीड तास पळावंच लागतं, आणि एप्रिल ते जून आपल्याकडे पळण्याजोगी वेळ फक्त उजाडायच्या आधीची. आमच्याकडचा पाहुणा दिवसभर मोरीच्या फरशीवर पोट टेकून पडायचा आणि पहाटे चारला गळा काढायचा. एकदा तर फाटकाखालची माती उकरून गेलाच होता. त्याचा दोष नव्हता, त्याला धावायचं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दिवसभर एसी चालवायची तयारी, इन्व्हर्टर आणि पहाटे साडेचारला उठणारा माणूस, यातलं एक जरी नसेल तर हस्की आणू नका. कूलरवर विसंबू नका. मे महिन्याच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर छान चालतो, पण पाऊस सुरू झाला की तोच खोली दमट करतो.

गोल्डनही फुकटात सांभाळला जात नाही. पावसाळ्यात त्याचे लोंबते कान आतून ओले राहतात आणि संसर्ग होतो. आठवड्यातून एकदा उघडून, वास घेऊन बघा. भिजला की लवेपर्यंत कोरडा करा, नाहीतर कातडीवर लालभडक चट्टे उठतात. खाण्याला तो कधीच नाही म्हणत नाही, त्यामुळे वजन वाढतं आणि मग मागचे सांधे दुखतात. पिल्लू घेताना आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. हस्कीच्या बाबतीत डोळ्यांची तपासणी विचारा, कारण त्यांच्यात मोतीबिंदू आनुवंशिक असू शकतो.

केस दोघांचेही गळतात, हस्कीचे तर वर्षातून दोनदा मूठ-मूठ निघतात. उन्हाळ्यात टक्कल मात्र करू नका. आमच्याकडे एकदा कोणाच्या तरी सल्ल्याने केलं. कातडी उन्हाने भाजली आणि केस परत आले ते विरळ, खरबरीत. रोज ब्रश करून मेलेली लव काढली की हवा आत पोचते. गोचिडींचं औषध डॉक्टरांना विचारून बारा महिने चालू ठेवा. गोचीडताप आपल्याकडे नेहमीचाच आहे.

फिरायला नेण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. टेकवेना, तर त्याचे तळवेही भाजतील. जीभ गडद लाल, लाळ घट्ट आणि चाल झोकांड्या खाणारी दिसली, तर सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि तशाच ओल्या अंगाने दवाखान्यात पळा. तोंडात बळजबरीने पाणी ओतू नका. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना किंवा घराजवळचा डॉक्टर, फोन नंबर आधीच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पिल्लू आणायचं ते दिवाळीनंतर, आठ आठवड्यांचं झाल्यावरच. उन्हाळा लागेपर्यंत लसी होतात आणि पहिला मे यायच्या आत घरातला गार कोपरा त्याच्या ओळखीचा होतो. भाच्याने शेवटी गोल्डन आणला. त्याचा कोपरा देवघराशेजारी, शहाबादी फरशीवर आहे.