मुरघास की सुकं गवत? ठाण्याच्या पावसात गाईला आणि कालवडीला काय, किती घालावं

मुरबाड-शहापूरकडे जून लागला की चार महिने गवत वाळवायचं नाव काढता येत नाही. बांधावर हिरवं रग्गड असतं, पण पाणीदार. गाई पोटभर खातात, शेण पातळ टाकतात आणि डेअरीवर फॅट कमी लागतं. म्हणून माळशेज घाट उतरून येणारा मक्याचा मुरघास, म्हणजे कणसासकट कुट्टी करून हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा मका, आता दारोदारी दिसतो. घ्यायला हरकत नाही. पण दुभती असो की अजून न व्यायलेली कालवड, सगळ्यांच्या गव्हाणीत सारखीच पाटी ओतणं मला पटत नाही.

आधी हिशेब कोरड्यात करा. तीन किलो मुरघासात दोन किलो पाणीच असतं, खरा चारा एक किलो. नीट वाळलेलं गवत सव्वा किलोच्या आतच तेवढा चारा देतं. भाव ठरवतानाही मुरघासाचा किलोचा दर तिप्पट करा, गवताचा सव्वापट, आणि मगच तुलना करा.

भाताचा पेंढा यात धरू नका. दाणा काढून उरलेली काडी ती, प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. चांगलं गवत म्हणजे फुलोऱ्यात कापून वाळवलेलं. आपल्याकडे दिवाळी उलटेपर्यंत थांबतात, तोवर माळावरच्या गवताचीही काडीच झालेली असते. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की चार कडक उन्हं बघून कापा, उलटंपालटं करा. मूठभर काड्या पिळल्यावर ओल लागली नाही, कटकन मोडल्या, की उडवी (गंजी) रचा. ओलं रचलं तर आतून तापतं, बुरशी धरतं, कधी पेटही घेतं.

आता दुभती गाय. ४०० किलो वजनाची, दिवसाला १०-१२ लिटर देणारी गाय पाणी वगळून साधारण १२ किलो चारा-खाद्य खाते. तिला १६ किलो मुरघास, ३ किलो सुकं गवत आणि ४ ते साडेचार किलो पशुखाद्य, अशी वाटणी बसते. गवत वगळू नका. लांब काडीशिवाय रवंथ नीट होत नाही, आणि रवंथ मंदावला की फॅट घसरतं. मुरघास पहिल्या दिवशी ३-४ किलोच द्या आणि ८-१० दिवसांत पुरा करा. एकदम पोटभर दिला तर गाय चारा सोडते.

मुरघासाची पिशवी उघडताना घाई नको. मागच्या श्रावणात आमच्या गोठ्यात एक पिशवी उंदरांनी तळाशी कुरतडली होती. वरचा थर पिवळसर हिरवा, वास छान आंबूस. कोपरापर्यंत हात घातला तर गरम लागलं. पिशवी ओतली, तर खाली पांढऱ्या जाळीने कुट्टीचे गठ्ठे धरलेले. वरचा भाग वाचवावा असं खूप वाटलं, पण अख्खी पिशवी उकिरड्यावर गेली. बुरशी डोळ्यांना दिसते तेवढीच नसते, आणि दावणीला गाभण गाय होती. तेव्हापासून पिशव्या फळ्यांवर ठेवतो, फाटलेली जागा लगेच चिकटपट्टीने बुजवतो. आपल्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर तापते, म्हणून दोन-तीन दिवसांत संपेल एवढीच लहान पिशवी घ्या. मूठ दाबून पाहा: तळवा ओलसर व्हावा, पण पाणी ठिबकू नये.

कालवडीचं गणित उलटं, तिथे गवत मुख्य आणि मुरघास जोडीला. मक्याच्या मुरघासात दाण्याची ताकद भरपूर, प्रथिनं मात्र ८ टक्क्यांच्या आसपासच. तो मनसोक्त खाल्ला की कालवड उंच व्हायच्याऐवजी गुबगुबीत होते, कासेत चरबी साठते आणि पुढे विताना अडते. अंगावरची ती चकाकी पाहून खूश होऊ नका. वर्षभराच्या, २०० किलोच्या कालवडीला अडीच किलो सुकं गवत, ४-५ किलो मुरघास आणि दीड किलो पशुखाद्य पुरे. वर खनिज मिश्रण द्याच. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला मुरघास नको. त्याला दूध, वासरांचं खाद्य आणि मऊ, पानाळ सुकं गवत.

महिन्यातून एकदा फितीने छातीचा घेर मोजून वजन काढा आणि वहीत लिहा. संकरित कालवड दिवसाला अर्धा किलोच्या आसपास वाढत असेल तर चाऱ्याला हात लावू नका. वजन कमी भरलं तर आधी खाद्य वाढवा, मुरघासाची पाटी नव्हे. २५० किलो पार होईपर्यंत रेतनाची, म्हणजे गाभण करण्याची, घाई करू नका.